पुण्याच्या नावातला ‘ण’

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी हडपसर, मांजरी, लोणी अशी थांबत थांबत उरुळीला येते. उतरणाऱ्यांत शेतकरी असतात, रोज नोकरीसाठी पुण्याला जाऊन-येऊन करणारे असतात आणि गांधीजींनी 1946मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाची वाट विचारणारे परगावचे लोकही असतात. पश्चिमेला थेऊर, गणपतीचे. दक्षिणेच्या डोंगराकडे शिंदवणे, जरा पुढे डाळिंब, पूर्वेला बोरी आणि खामगाव. सोलापूर रस्त्यालगतचा हा ओळखीचा मुलूख. ऊस, गुऱ्हाळे, अलीकडे वाढलेल्या इमारती.

या गावांची नावे एका जागी, एकाच मजकुरात, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहेत. तो पत्रा शके 690चा, म्हणजे इ. स. 768चा.

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने दिलेल्या जमिनीचा हा दानलेख. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा कृष्णराज. लेख तळेगावला मिळाला म्हणून अभ्यासक त्याला तळेगाव ताम्रपट म्हणतात. कुमारीग्राम नावाचे गाव आणि त्याच्या जोडीला भामरोपर, अरलुव, सिंदीग्राम, तडवले ही गावे दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. पुढे, आजच्या खरेदीखतात असतात तशा, चतुःसीमा. पूर्वेला खंबग्राम, वोरिमग्राम, दाडिमग्राम. पश्चिमेला अलंदियग्राम आणि थिउरग्राम. उत्तरेला मुइला नदी. मुइला म्हणजे मुळा, थिउर म्हणजे थेऊर, अरलुव म्हणजे उरुळी, दाडिम म्हणजे डाळिंब, सिंदीग्राम म्हणजे शिंदवणे. अलंदियग्राम म्हणजे ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे, लोणी काळभोरजवळची चोराची आळंदी. साडेबाराशे वर्षांत राज्ये आली आणि गेली, पण नदी आणि गावे आपापल्या नावांसह जागच्या जागी राहिली. नकाशा हाती घेऊन ताम्रपटाच्या सीमा आजही चालत मोजता येतात, इतका हा लेख जिवंत आहे.

आणि ही सगळी गावे ज्या विभागात होती त्याचे नाव लेखात दिले आहे: पूनक विषय. ‘विषय’ म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा किंवा तालुका. उरुळी-थेऊरचा मुलूख ज्याच्या नावाने ओळखला जाई, ते पूनक म्हणजे आपले पुणे. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून जवळजवळ नऊ शतके होती आणि शनिवारवाड्याचा पाया घातला जायला त्याहूनही जास्त. तरी या गावाची पत एवढी होती की आजूबाजूचा प्रदेश त्याच्या नावाने सांगितला जात होता. जंगली महाराज रस्त्यालगतचे पाताळेश्वराचे कातळात कोरलेले देऊळ साधारण याच काळातले. आठव्या शतकातल्या पुण्याचे दोन साक्षीदार आज हाती आहेत: एक दगडातला, एक नावातला.

नावाच्या साक्षीत मात्र एक पेच आहे. याच कृष्णराजाचा दहा वर्षे आधीचा, शके 680चा म्हणजे इ. स. 758चा आणखी एक ताम्रपट आहे. त्यात या प्रदेशाला म्हटले आहे पुण्य विषय.

पुणेकराला विचारले तर तो यातले दुसरे नाव लगेच उचलेल. मुळा आणि मुठा यांचा संगम येथे होतो, संगम म्हणजे तीर्थ, तीर्थावर पुण्य, म्हणून पुणे. ही व्युत्पत्ती शाळेत सांगितली जाते, सत्काराच्या भाषणांत येते, शहराचे कौतुक करताना ‘पुण्यनगरी’ म्हणून कमानींवर रंगवली जाते. ती गोड आहे आणि तिच्यामागे बाराशे वर्षांहूनही जुना ताम्रपट उभा आहे. मग पूनक कुठे ठेवायचे?

याचे उत्तर पुणेकरांच्याच तोंडात आहे, एका अक्षरात. ते अक्षर म्हणजे ‘ण’.

संस्कृतातले शब्द प्राकृतातून मराठीत येताना मनमानी करत नाहीत, ठरलेल्या वाटांनी येतात. त्यातली एक वाट अशी. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘न’ किंवा ‘ण’ असेल तर मराठीत तो ‘ण’ होतो. पानीय होते, त्याचे पाणी झाले. भगिनीची बहीण झाली. स्थानकाचे ठाणे झाले. पण मूळ शब्दात जोडाक्षर असेल तर उलटे घडते. कर्णाचा कान होतो, काण होत नाही. पर्णाचे पान, चूर्णाचा चुना, सुवर्णाचे सोने, उष्णाचे ऊन, धान्याचे धान. सगळीकडे ‘न’. आणि या प्रश्नाचा जवळजवळ निकाल लावणारा शब्द म्हणजे अरण्य. अरण्यात अगदी पुण्यातला ‘ण्य’ आहे, आणि मराठी बोलीने त्याचे केले रान. राण नाही, रान.

तेव्हा ‘पुण्य’ हा शब्द लोकांच्या तोंडून घासत घासत खाली आला असता तर गावाचे नाव आज ‘पुने’ व्हायला हवे होते. ते ‘पुणे’ आहे. याचा अर्थ मुळात जोडाक्षर नव्हते, एकटे अक्षर होते. पूनकात तेच आहे. पानीयाचे पाणी होते त्याच न्यायाने पूनकाचे पुणे होते.

शेवटच्या ‘क’चा हिशेबही बरोबर लागतो. संस्कृतात ‘-अकम्’ असा शेवट असलेली नपुंसकलिंगी नामे मराठीत ‘-एं’ने संपतात. याचा सर्वांत जवळचा दाखला खंडाळ्याचा घाट उतरून गेले की मिळतो. शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ म्हणून येणारे गाव म्हणजे ठाणे. स्थानक, ठाणें. पूनक, पुणें. एका साच्यातून निघालेली ही दोन नावे. विभक्ती लागली की दोन्हींत सारखाच बदल होतो: ठाण्यात, पुण्यात, ठाण्याहून, पुण्याहून. ‘पुण्यात’ म्हणताना ऐकू येणारा ‘ण्य’ हा संगमावरच्या स्नानाचा नव्हे, ‘ठाण्यात’, ‘सोन्यात’, ‘केळ्यात’ या रूपांत जो ‘य’ येतो त्याचाच आहे. जुन्या पत्रांत ‘पुणियास’, ‘पुणियाहून’ अशी रूपे भेटतात, त्यांत हा ‘य’ अजून सुटा दिसतो.

गावाच्या नावाचे प्रत्येक सामान्यरूप ‘पुण्य’ या शब्दासारखे ऐकू यावे, हा भाषेचा योगायोग. पण या योगायोगाने पुण्याच्या आठवणीला कायमचे वळण लावले. ताम्रपट लिहिणारा कारकून संस्कृतज्ञ होता. लोकांच्या तोंडचे गावठी नाव राजाच्या दानलेखात जसेच्या तसे लिहिणे त्याला बरे वाटले नसेल, म्हणून त्याने ते संस्कृतात बसवले. 758च्या लेखकाने अर्थाकडे पाहिले आणि ‘पुण्य’ लिहिले. 768च्या लेखकाने आवाजाकडे कान दिला आणि ‘पूनक’ लिहिले. दुसऱ्याचा कान अधिक खरा होता, असे म्हणायला जागा आहे.

नावाला ओळखीचा अर्थ चिकटवण्याची ही खोड साऱ्या जगाची. इंग्लंडातल्या यॉर्क शहराचे रोमन काळातले नाव एबोराकम. ते त्याहून जुन्या केल्टिक बोलीतले, बहुतेक ‘यू’ नावाच्या सदाहरित झाडावरून पडलेले. पुढे तिथे आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांना त्या आवाजात आपल्या भाषेतला रानडुकराचा शब्द ऐकू आला आणि त्यांनी गावाला एओफोरविक म्हणायला सुरुवात केली. 866मध्ये डॅनिश लोकांनी शहर घेतले, त्यांच्या जिभेवर त्याचे योर्विक झाले आणि त्यातून यॉर्क. झाडाचे डुक्कर झाले आणि कुणाला पत्ताही लागला नाही. इंग्लंडात 1923मध्ये स्थलनामांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था निघाली, तिची शिस्त साधी होती: आधी जुन्यात जुनी सगळी रूपे कालक्रमाने मांडा, अर्थाचे मग बघा. पुण्याच्या नावाला हीच शिस्त लावली की पूनकाचे पारडे जड होते.

उलट दिशेने ओढाताण करणारेही होते. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ‘पुन्नाटा’ नावाचे गाव आहे, तेच पुणे असावे, असा तर्क एकोणिसाव्या शतकात लढवला गेला. टॉलेमी त्या गावाजवळ वैदूर्याच्या खाणी सांगतो. पुण्याच्या आसपास काळा बेसाल्ट मुबलक आहे, वैदूर्य नाही. ते गाव म्हणजे म्हैसूरकडचे पुन्नाट. पुण्याचे वय वाढवायचा मोह समजण्यासारखा आहे, पण आठवे शतक काही थोडे नाही.

मधल्या काळात गावाच्या नावापुढे एक शब्द लागला: कसबे. अरबी ‘कसबा’, म्हणजे बाजार असलेले मोठे गाव. ‘कसबे पुणे’ हे शब्द शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून कागदोपत्री सतत भेटतात. शहर चहूकडे पसरले तेव्हा मुळातल्या वस्तीपाशी ‘कसबा’ एवढाच शब्द उरला आणि ‘पुणे’ सगळ्या शहराचे झाले. कसबा गणपतीपासून नदीपर्यंतचा तो उंचवटा म्हणजे पूनकाची मूळ जागा.

मग पेठा वसल्या, आणि नावे बदलण्याचा खेळ सुरू झाला. औरंगजेब सिंहगड घेऊन 1703च्या पावसाळ्यात पुण्यात तळ ठोकून होता. त्याचा नातू, कामबक्षाचा मुलगा मुहि-उल-मिलत येथे वारला. त्याच्या नावावरून बादशहाने पुण्याला मुहियाबाद हे नाव दिले. हिंदुस्थानातल्या सर्वांत बलाढ्य माणसाने दिलेले नाव. ते शहराला चिकटले नाही. एका पेठेपुरते उरले, आणि पेशवाईत त्या पेठेलाही लोक बुधवार म्हणू लागले. शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तजाबाद, रविवारचे मलकापूर, सोमवारचे शहापुरा, मंगळवारचे अष्टपुरा, शुक्रवारचे विसापूर. गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. ही सगळी नावे मागे पडली आणि आठवड्याचे सातही वार पुण्याच्या नकाशावर बसले. माणसांची नावे टिकली ती पेशवाईतल्या माणसांची: सदाशिवरावभाऊंची सदाशिव, नारायणरावांची नारायण, नाना फडणविसांची नाना, रास्त्यांची रास्ता पेठ. त्यातल्या नाना पेठेला आधी हनुमान पेठ म्हणत आणि रास्ता पेठेला शिवपुरी, हे आज तिथल्या रहिवाशालाही सांगावे लागते.

एवढ्या उलथापालथीत पुणे मात्र पुणेच राहिले.

त्याचे पूना कसे झाले? साधारण समजूत अशी की इंग्रजांना नीट म्हणता येईना म्हणून. ती अर्धीच खरी आहे. फारसीत ‘ण’ नाही. दरबारी पत्रव्यवहाराची भाषा फारसी, तीत पुण्याचे ‘पूनह’ झाले. हिंदुस्तानीत ‘पूना’. कंपनीचे अधिकारी मराठी मुलखात आले ते बरेचसे फारसी जाणणारे मुन्शी आणि हिंदुस्तानी बोलणारे शिपाई यांचे बोट धरून. त्यांच्याकडून त्यांनी नाव उचलले. जुन्या इंग्रजी कागदांत शेवटी ‘ह’ लावून ‘पूनाह’ असे हिज्जे सापडतात, त्यांत ही फारसी वाट उघड दिसते.

याला पुण्याच्याच आसपासचा पुरावा आहे. 5 नोव्हेंबर 1817 रोजी जिथे पेशवाईचे भवितव्य ठरले, त्या खडकीला इंग्रज किर्की म्हणत. वानवडीची वानौरी झाली, घोरपडीची घोरपुरी. तिन्ही ठिकाणी मराठी ‘ड’ गेला आणि ‘र’ आला. हिंदुस्तानीत स्वरांमधला ‘ड’ जीभ उलटी आपटून ‘र’कडे झुकतो, इंग्रजी कानाने तो सरळ ‘र’ ऐकला. खडकाळ जमिनीची खडकी किर्की झाली की खडक नाहीसा होतो. इंग्रजांनी केलेली ही हानी जाणूनबुजून नव्हती, पण झाली खरी. घोरपडीच्या रेल्वे स्टेशनाचे इंग्रजी नाव तर आमच्या काळापर्यंत घोरपुरीच लिहिले जात होते.

पूना हे रूप मात्र जगभर फिरले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या घरंदाज मुली साच्यातून फुलेफळे रंगवायला शिकत, त्या प्रकाराला ‘पूना पेंटिंग’ म्हणत. आज ज्याला बॅडमिंटन म्हणतात त्या खेळाला इथल्या लष्करी छावणीतले गोरे ‘पूना’ म्हणत, आणि त्याचे सुरुवातीचे नियम 1873च्या सुमारास इथेच बांधले गेले. पुण्याच्या माणसाला या पूनाचा पत्ता नव्हता. तो बोलताना पुणेच म्हणत होता.

पुण्यातली इंग्रजी नावेही याच न्यायाने जगली किंवा विरली. मुठेवर 1923मध्ये दगडी पूल झाला, त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव दिले. लोकांनी त्याला म्हटले नवा पूल. स्वातंत्र्यानंतर तो शिवाजी पूल झाला, तरी शंभर वर्षांचा तो पूल अजून नवाच आहे. पानिपतानंतर बांधलेल्या लाकडी पुलाचे लाकूड जाऊनही दीडशेहून अधिक वर्षे लोटली, नाव बदलून संभाजी पूल झाले. बस आजही लकडी पुलावरूनच जाते. 1886मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने बाजार उघडला. या इमारतीवर एवढा पैसा खर्च करायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. रोज भाजी आणणाऱ्यांसाठी ती तेव्हाही मंडई होती, आताही मंडई आहे.

काही नावे तर घर सोडून जगभर भटकून परत आलेली. संस्कृत ‘दक्षिण’, प्राकृतात ‘दक्खिण’, मुसलमानी राजवटीत ‘दखन’, इंग्रजीत ‘डेक्कन’. 1906मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि त्याच्यावरून आजूबाजूच्या भागाला लोक नुसते ‘डेक्कन’ म्हणू लागले. आज रिक्षावाल्याला ‘डेक्कन’ म्हणून सांगणारा माणूस हजारो वर्षांचा मराठी मुलखाचाच शब्द उच्चारत असतो, फक्त तो तीन भाषांची घरे हिंडून आलेला आहे. बंडगार्डनचा ‘बंड’ही तसाच: फारसी ‘बंद’, म्हणजे पाणी अडवणारा बांध, इंग्रजीतून इकडे आलेला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून 1850मध्ये मुळा-मुठेवर झालेला बंधारा तो हाच. आपल्या ‘बांधा’चा हा सख्खा चुलतभाऊ, पण उठावाच्या ‘बंडा’शी त्याची गल्लत होते.

1978मध्ये सरकारी इंग्रजीतही पूना जाऊन पुणे आले. मराठी माणसाच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच बदलले नाही. विद्यापीठ 1949मध्ये सुरू झाले ते इंग्रजीत ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’, पण मराठीत पहिल्यापासून पुणे विद्यापीठच होते. 2014मध्ये सावित्रीबाई फुल्यांचे नाव लागले तेव्हाही मधला ‘पुणे’ हलला नाही.

विदर्भ-मराठवाड्यातून शिकायला आलेली मुले ‘पुन्याला आलो’ म्हणतात आणि त्यांच्या ‘न’ला इथे हसणारे भेटतात. हसण्यापूर्वी 768चा ताम्रपट आठवावा. त्यात ‘न’च कोरलेला आहे.

नावाचा शेवटचा तुकडा पडला तो इंग्रजांमुळे नव्हे. संस्कृतातल्या ‘-अकम्’मधल्या ‘म्’चा अवशेष मराठीत एका टिंबाच्या रूपाने उरला होता: ‘पुणें’. ते टिंब एके काळी नाकातून उच्चारले जाई, पुढे उच्चार गेला आणि लिहिण्यापुरते राहिले. 1962मध्ये मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले, त्यांत असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले गेले. लिहिणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची सोय झाली, ते योग्यच झाले. पण त्याआधीचे एखादे जुने पुस्तक हाती आले, सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या छापखान्यात छापलेले, की आतल्या पानावर, छापखान्याच्या नावाखाली, ‘पुणें’ असते. त्या टिंबापाशी थांबून पाहावे. राष्ट्रकूटांच्या कारकुनाने तांब्यावर लिहिलेल्या शब्दाचा तो शेवटचा कण आहे.